सुलिस देवीपुढे कोटाचं गाऱ्हाणं

मुरलीधररावांचा कोट घराबाहेर घालवायचा, हे नीनाताईंनी मार्चमध्येच ठरवलं होतं. नोव्हेंबर उजाडला, नॉटिंगहॅमचं घर विकलं गेलं, केंब्रिजला मुलीच्या घराजवळचा दोन खोल्यांचा फ्लॅट पक्का झाला, एकोणचाळीस खोकी भरून झाली, तरी कोट दारामागच्या हुकावर होता तसाच होता.

तो घोट्यापर्यंत पोचणारा जाड लोकरी ओव्हरकोट होता. अठ्ठ्याहत्तर साली घेतला तेव्हा करडा असावा. आता त्याचा रंग फार वेळ उकळलेल्या चहासारखा झाला होता. अस्तर तीनदा बदललेलं, बटणं चार वेगवेगळ्या घराण्यांतली, आणि पावसात भिजला की ओल्या मेंढीचा वास. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले मुरलीधरराव गुरव प्रत्येक थंडीत तोच घालत. मुलीनं, तनूनं, दिलेलं हलकं वॉटरप्रूफ जाकीट टॅगसकट कपाटात पडून होतं.

नीनाताईंनी प्रयत्न कमी केले नव्हते. लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणारी चॅरिटी शॉप्स गल्लोगल्ली होती. पहिल्या खेपेला त्यांनी तो कोपऱ्यावरच्या दुकानात दिला. मुरलीधरराव दूध आणायला गेले, काचेत स्वतःचा कोट टांगलेला पाहिला, आत गेले आणि विकत घेऊन आले. दुसऱ्या खेपेला त्या बस पकडून लांबच्या दुकानात गेल्या. तिथलाही तो चारच दिवसांत परत आला. तिसऱ्या खेपेला तर दुकानातल्या बाईंनी आपण होऊन फोन केला, "मिस्टर गुरव, तुमचा कोट पुन्हा आमच्याकडे आलाय. बाजूला काढून ठेवू का?"

"नॉटिंगहॅममध्ये हे काम व्हायचं नाही," नीनाताईंनी स्वतःशीच ठरवलं.

संधी तनूनं आणून दिली. आईबाबांच्या लग्नाचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता आणि तिला त्यांना तुर्कस्तानात न्यायचं होतं. पामुक्कले नावाच्या जागी डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीत गरम पाण्याचं कुंड आणि माथ्यावर जुन्या शहराचे अवशेष. तिनं फोटो दाखवले. मुरलीधररावांचे डोळे चमकले. मग पासपोर्टची शोधाशोध सुरू झाली. ते एकोणचाळीस खोक्यांपैकी कुठल्यातरी एकात होते, आणि सगळ्या खोक्यांवर नीनाताईंनी मोठ्या अक्षरांत 'किचन' असंच लिहिलेलं होतं.

"मग आपण बाथला जाऊ," तनू म्हणाली. "तिथे पण हॉट स्प्रिंग आहे, रोमन रुइन्स आहे. आणि पासपोर्ट नाही लागत."

"किती लांब आहे गं?" नीनाताईंनी विचारलं.

"एकशेचाळीस माइल्स असेल."

"छान," नीनाताई म्हणाल्या. "भरपूर लांब आहे."

शनिवारी सकाळी गाडी मोटरवेला लागली आणि मुरलीधररावांनी मांडीवरच्या कोटावर हात फिरवत घसा खाकरला. "अठ्ठ्याहत्तरची थंडी. आम्ही दोघं नवे नवे आलेलो…"

"आणि दोघांत एक कोट," तनू म्हणाली. "बाबा, हा गोष्ट मी दोनशे वेळा ऐकलाय."

"ही गोष्ट. ऐकली."

"तेच."

पण मुरलीधरराव थांबणारे नव्हते. नॉटिंगहॅमच्या महाराष्ट्र मंडळात दर संक्रांतीला ते ही हकीगत सांगत आणि दर वेळी लोक टाळ्या वाजवत. ते दिवसपाळीला लॅबमध्ये, नीनाताई रात्रपाळीला होजियरीच्या कारखान्यात. सकाळी सात वाजता बसस्टॉपवर नीनाताई कोट उतरवून त्यांना देत आणि घरी जात. संध्याकाळी त्याच स्टॉपवर ते कोट उतरवून नीनाताईंना देत आणि घरी जात. "दिवसातून दोनदा भेट," ते शेवटी म्हणत, "तीही दोन-दोन मिनिटांची. पण कोट अंगात घातला ना, की तो हिच्या उबेनं गरम असायचा. सगळा संसार आम्ही त्या कोटात केला."

टाळ्यांच्या जागी या खेपेला गाडीचा इंडिकेटर वाजला. नीनाताई खिडकीबाहेर बघत होत्या.

बाथला पोचल्यावर तनूनं दोघांना एका स्पाच्या दारात सोडलं. स्पाच्या गच्चीवर गरम पाण्याचा तलाव होता. तिथून दोघांनी रोमन बाथ्स पाहायला जायचं आणि चारला कार पार्कात भेटायचं, असं ठरलं. मधल्या वेळात तनू बाजारात भटकणार होती.

"मी काही तो स्विमिंग कॉस्च्यूम घालून पाण्यात उतरणार नाही," नीनाताईंनी जाहीर केलं. "तुम्ही जा. मी खाली कॉफी घेत बसते."

लॉकर अरुंद होता. मुरलीधररावांनी कोट घडी करून पाहिला, गुंडाळून पाहिला, खांद्यानं ढकलून पाहिला. तो आत जाईना. शेवटी ते तो हातावर घेऊन बाहेर आले.

"द्या इकडे," नीनाताई इतक्या प्रेमानं म्हणाल्या की एरवी मुरलीधररावांना संशय यायला हवा होता. "मी इथं स्टँडवर अडकवते. अगदी डोळ्यांसमोर."

गच्चीवर हवा बोचरी होती आणि पाण्यातून वाफा निघत होत्या. मुरलीधरराव गळ्यापर्यंत पाण्यात गेले आणि त्यांनी डोळे मिटले. पाण्याचा वास नाकात शिरला, जुन्या नाण्यांसारखा, ओल्या दगडांसारखा, आणि ते थेट राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन पोचले. थंडीत वडील सगळ्या भावंडांना पहाटे चालवत तिथं न्यायचे. आई वजरीच्या खरखरीत दगडानं पाठ घासायची. कातडी निघेल असं वाटायचं. घरी परतताना अंगातून वाफ निघायची आणि धाकटा भाऊ ओरडायचा, "मी इंजिन! मी इंजिन!" तो भाऊ जाऊन आता सहा वर्षं झाली होती. शेजारी तरंगत असलेल्या एका गोऱ्या आजोबांनी विचारलं, "ठीक आहात ना?" मुरलीधररावांनी चेहऱ्यावर पाणी मारलं आणि म्हणाले, "वाफ हो. डोळ्यात जाते."

त्याच वेळी नीनाताई दोन गल्ल्या पलीकडच्या एका चॅरिटी शॉपमध्ये उभ्या होत्या. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंनी कोट उलगडला आणि त्या हरखल्या.

"किती सुंदर! असे कोट आता बनत नाहीत. तुमची खात्री आहे ना?"

"पक्की," नीनाताई म्हणाल्या आणि पाय उचलत परत आल्या. कॉफी अजून कोमट होती.

पाऊण तासानं लालबुंद झालेले मुरलीधरराव खाली आले आणि त्यांनी स्टँडकडे पाहिलं.

"कोट?"

"अगंबाई!" नीनाताई म्हणाल्या. हे 'अगंबाई' त्यांनी वाटेत दोनदा म्हणून पाहिलं होतं. "मी जरा टॉयलेटला गेले, तेवढ्यात कुणीतरी…"

पुढचा भाग त्यांच्या हिशेबात नव्हता. त्यांना वाटलं होतं, हे हळहळतील, दोन दिवस जेवणार नाहीत, मग नवं जाकीट घालतील. पण मुरलीधरराव रिसेप्शनवर गेले. तिथल्या मॅनेजरबाई फारच चांगल्या निघाल्या. त्यांनी फॉर्म काढला. रंग? "करडा. म्हणजे पूर्वी." बटणं? "चार प्रकारची." अंदाजे किंमत? मुरलीधररावांनी फॉर्मवर हात ठेवला. मग म्हणाले, "ते रिकामं ठेवा."

"काळजी करू नका, मिस्टर गुरव," मॅनेजरबाई म्हणाल्या. "या स्टँडवर आमचा कॅमेरा आहे. रेकॉर्डिंग बघते आणि चोर दिसला की लगेच तुम्हाला फोन करते."

नीनाताईंच्या हातातल्या कपातली उरलेली कॉफी बशीत आली.

"अहो, कशाला त्यांना त्रास," त्या म्हणाल्या. "एवढा जुना कोट…"

"नो ट्रबल अॅट ऑल," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. बाहेर पाच डिग्री तापमान होतं, म्हणून त्यांनी बेवारस कपड्यांच्या कपाटातून मुरलीधररावांना अंगात घालायला काहीतरी काढून दिलं. त्यांच्या मापाचं एकच होतं. फुगीर, गुलाबी, टोपीला पांढरी फर.

रोमन बाथ्सच्या दारात त्या गुलाबी जाकिटाकडे बघत एक लहान मुलगी आईला म्हणाली, "मलापण." मुरलीधररावांचं लक्ष नव्हतं. नीनाताईंचं लक्ष नवऱ्याच्या पँटच्या खिशातल्या फोनवर होतं.

आत दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड होते. देवळाचे तुकडे, शिशाचे पाइप, आणि एक मोरी, जिच्यातून कढत पाणी वाहून वाहून दगड नारिंगी झालेला. एरवी मुरलीधरराव प्रत्येक पाटी दोनदा वाचतात. आज ते कशापुढेच थांबले नाहीत. आणि मग एका काचेपुढे थांबले ते हलेनात.

काचेत शिशाचे पातळ पत्रे होते, चुरगळलेले, त्यावर बारीक अक्षरं कोरलेली. रोमन काळात इथं आंघोळीला आलेल्या माणसाची वस्तू चोरीला गेली, की तो असा पत्रा कोरून इथल्या सुलिस देवीच्या झऱ्यात टाकायचा. चोराला शिक्षा कर म्हणून. एकाचा झगा गेला होता. चोर बाई असो वा पुरुष, गुलाम असो वा स्वतंत्र, देवीनं त्याला झोप लागू देऊ नये, असं त्यानं मागितलं होतं.

"नीना," मुरलीधरराव हळूच म्हणाले, "हे गाऱ्हाणं आहे."

"काय?"

"आमचे बाबा घालायचे तसलं गाऱ्हाणं! अगदी तेच!"

मुरलीधररावांचे वडील गावच्या देवळाचे गुरव. कुणाची कोयती गेली, कुणाची कोंबडी गेली, की माणूस देवळात यायचा. वडील देवापुढे उभे राहून खणखणीत आवाजात देवाला सगळी हकीगत सांगायचे, चोराला काय काय व्हावं ते सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणायची. कोयती बहुतेक दुसऱ्या दिवशी अंगणात आणून टाकलेली असायची. मुरलीधररावांनी वडिलांमागे उभं राहून हे शेकडो वेळा ऐकलं होतं. स्वतः कधीच घातलं नव्हतं. शिकून लॅबमध्ये नोकरी करायला गेलेल्या मुलाला वडिलांनी ते कधी घालायला सांगितलंही नव्हतं.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"देवीपुढे."

मुख्य तलाव उघड्या आकाशाखाली होता. हिरवं पाणी, भोवती खांब, पाण्यावर वाफ. रोमन कपडे घातलेली दोन-तीन माणसं हिंडत लोकांना माहिती सांगत होती. मुरलीधरराव पाण्याच्या कडेला गेले, बूट काढले, हात जोडले.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. तू फक्त 'व्हय म्हाराजा' म्हण. कुणीतरी म्हणावं लागतं, नाहीतर देवापर्यंत पोचत नाही."

आणि त्यांच्या तोंडून वडिलांचा आवाज निघाला, गाऱ्हाण्याच्या ठरलेल्या शब्दांसकट. "गे आई सुलिसादेवी, बारा-पाचाच्या म्हाराजा! आज हो तुझो लेकरू राजापुरासून नॉटिंगहॅमाक आणि नॉटिंगहॅमासून तुझ्या पायाकडे इलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," नीनाताई पुटपुटल्या.

"जेना कोणी तेचो कोट नेल्यान आसात, तो बापयो आसांदे नायतर बाईलमाणूस, तेका रातची झोप लागाक देव नको म्हाराजा!"

"व्ह… व्हय म्हाराजा."

"मोठ्यानं," मुरलीधरराव न वळता म्हणाले. "तेच्या गुडघ्यात अशी कळ उठांदे, काय जिनो चढाक जमाचो नाय म्हाराजा!"

नीनाताईंच्या डाव्या गुडघ्यात, जो गेली सहा वर्षं तसाही दुखतच होता, काहीतरी सणकन उठलं. त्यांनी खांबाला धरलं.

एव्हाना यॉर्कशरहून आलेल्या पेन्शनरांचा एक घोळका भोवती जमला होता. हा कार्यक्रमाचाच भाग आहे, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. फक्त पुजारी गुलाबी का, ते त्यांना कळत नव्हतं. पुढच्या वाक्याला नीनाताईंचा आवाज फुटलाच नाही. तेव्हा एक दणकट आजी पुढे सरसावल्या आणि सगळा घोळका एका सुरात गरजला, "वाय म्हाराजा!"

त्या आवाजानं मुरलीधरराव आणखी चढले. "तेच्या घराक शांती गावाक नको म्हाराजा!"

"वाय म्हाराजा!"

"तेणा केलेली चपाती फुगाक नको म्हाराजा!"

"वाय म्हाराजा!"

आणि तेवढ्यात मुरलीधररावांच्या खिशातला फोन वाजला.

ते दचकले. मग त्यांनी वाफेकडे बघून हात कपाळाला लावले. "पावली! इतक्या लवकर? कॅमेऱ्यात दिसला वाटतं चोर!"

"घेऊ नका!" नीनाताई ओरडल्या. "मीच! मीच नेला तो कोट! मी दुकानात देऊन आले. गुडघ्याचं आणि चपातीचं मागे घ्या आधी!"

घोळक्याला शब्द कळले नाहीत, पण अभिनय फार आवडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुरलीधररावांनी सुन्नपणे फोन कानाला लावला.

"बाबा," तनूचा आवाज आला, "मी कार पार्कला लवकर पोचली. तुम्ही सावकाश या."

टाळ्या ओसरल्या. मुरलीधररावांनी बूट घातले. नाड्या बांधायला त्यांना फार वेळ लागला.

"कुठलं दुकान?" एवढंच ते बोलले.

दुकानातल्या बाईंनी नीनाताईंना लगेच ओळखलं. "अहो, कोट तासाभरातच गेला! एक मुलगी आली, अंगात घातला आणि आरशापुढे गिरकी घेतली. काढायलाच तयार नव्हती."

दोघं बाहेर आले. रस्ता चढाचा होता. नीनाताई लंगडत होत्या. मुरलीधरराव चार पावलं पुढे जात, थांबत, पुन्हा चार पावलं पुढे जात. शेवटी ते एका बाकावर बसले आणि त्याही बसल्या.

"घर गेलं," ते म्हणाले. "बाग गेली. माझी पुस्तकं निम्मी गेली. मी काही बोललो? एक कोट तेवढा मागत होतो. तुझी ऊब होती गं त्यात."

"ऊब तुम्हाला होती," नीनाताई म्हणाल्या. "आणि मी?"

"म्हणजे?"

"सकाळी सातला कोट तुम्हाला दिला, की मी घरी कशी जात होते? स्वेटरवर. चौदा मिनिटं. रात्रभर मशिनवर उभं राहून, बर्फातून. तुम्हाला त्या कोटात संसार दिसतो. मला तो दिसला की ती चौदा मिनिटं आठवतात."

मुरलीधररावांनी गुलाबी जाकिटाची चेन वर ओढली, पुन्हा खाली केली. मग म्हणाले, "संध्याकाळी मीही तसाच जायचो की."

"तुम्ही पळायचात. मला साडीत पळता यायचं नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? तुम्ही गोष्ट सांगायचात, लोक टाळ्या वाजवायचे. तुमचा चेहरा असा फुलायचा. त्यात मी मध्येच काय बोलू?"

समोरून एक बस गेली. मुरलीधररावांना तो जुना बसस्टॉप पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं दिसला. ते कोटात शिरतायत, बसमध्ये चढतायत, आणि काचेतून हात हलवतायत. काचेपलीकडे ती उभी होती, हात काखेत घालून. ती पुढे कशी गेली, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बस वळायची.

ते उठले, झऱ्याच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. "गे आई म्हाराजा, गुडघ्याचा आणि चपातीचा तेवढा रद्द कर. चूक लेकराची आसा."

"झोपेचं पण," नीनाताई म्हणाल्या.

"झोपेचाही. व्हय म्हाराजा." मग त्यांनी दंड पुढे केला. नीनाताईंनी तो धरला आणि दोघं एका चालीनं चढ चढू लागले.

कार पार्कमध्ये तनू गाडीला टेकून उभी होती. दोघंही जागच्या जागी थबकले.

"बाबा, बघा!" तनूनं दोन्ही हात पसरले आणि गिरकी घेतली. "एका चॅरिटी शॉपमध्ये मिळाला. एक्झॅक्टली तुमच्या कोटासारखा! लहानपणी तुम्ही मला तुमच्या कोटाला हात नाही लावू द्यायचे ना? आता माझं स्वतःचं आहे. आणि हा तुमच्यापेक्षा कितीतरी चांगल्या कंडिशनमध्ये आहे!"

नीनाताईंनी मुरलीधररावांचा दंड घट्ट दाबला. तनूच्या पाठीवर संध्याकाळचं फिकट ऊन पडलं होतं. तिनं कॉलर वर केली होती, बाह्या तिला थोड्या लांब होत होत्या, आणि चार घराण्यांची चारही बटणं तिनं नीट लावली होती.

"छान दिसतोय गं तुला," नीनाताई म्हणाल्या. "गरम आहे ना?"

"खूप! आई, तू घालून बघते? थंडी वाजतंय तुला." आणि तिनं तो उतरवून आईच्या खांद्यांवर टाकलासुद्धा. नीनाताई क्षणभर आक्रसल्या. मग त्यांनी हळूहळू हात बाह्यांत घातले. मुलीच्या अंगाची ऊब त्यात अजून होती. त्यांनी तो काढला नाही.

"पण बाबा, तुम्ही हे पिंक काय घातलंय? आणि तुमचा कोट कुठेय?"

"दिला," मुरलीधरराव म्हणाले. "चॅरिटीला."

तनूच्या हातातली किल्ली खाली पडली. "तुम्ही? कुणी न सांगता?"

मुरलीधररावांनी नीनाताईंसाठी गाडीचं दार उघडलं, कोटाचं टोक दारात अडकू नये म्हणून आत सारलं, आणि दार लावून घेतलं.

"स्वतःहून," ते म्हणाले.